नऊ की दहा

झोपेत जागं व्हायची खूण
मला नझीर डिंगणकरने सांगितली,
इंजिनाच्या खोपीत, कोपरापर्यंत ग्रीस असताना.
म्हणाला, दिवसातून पंधरा वेळा आपली बोटं मोज.
सवय लागली की स्वप्नातही मोजशील,
आणि तिथे हिशेब चुकतो.
सहा येतात, बारा येतात, कधी बोटाला बोट फुटतं.
मग काय बोललो ते त्याचं त्यालाच लागलं,
खाली बघून नट पिळत राहिला.

मला सोपं आहे, म्हटलं.
नऊ म्हणजे जागा.
दहा म्हणजे झोपेत.

उजवी अनामिका विंचने नेली,
जाळं अर्धं वर, दोर ओला, मी सव्वीस वर्षांचा.
बंदरावरून घरी निरोप गेला, बोट गेलं.
आईने ऐकलं, बोट गेली,
आणि एकेका खलाशाचं नाव घेऊन रडायला लागली.
खरं कळलं तेव्हा म्हणाली, एवढंच होय!

तर मोजायचो.
बर्फ फोडताना, एसटीच्या दांड्याला लोंबकळताना.
नाक चिमटीत धरून श्वास ओढायचो,
हवा आत आली तर समजावं, हे खरं नव्हे.
बोटीच्या कपाळावरचा नंबर वाचायचा,
मान वळवायची, पुन्हा वाचायचा.
बायको गुपचूप देवीला नारळ ठेवून आली.

पहाटे तीनला उठायची सवय होतीच.
बंदीच्या दिवसांत उठायचो, घोटभर पाणी,
परत आडवा. ओठांत एकच,
आता दिसेल ते स्वप्न, आता दिसेल ते स्वप्न.
डिझेलच्या वहीत मागून स्वप्नं लिहायचो.
पुढून लिटर येत होते.
नारळी पुनवेच्या सुमाराला दोन्ही मधल्या पानावर भेटले.

पहिल्यांदा दहा आली
तेव्हा ओरडलो, आणि जागा झालो.
दुसऱ्यांदा घाई केली नाही.
सगळं फिकटायला लागलं तसे तळवे चोळले,
काथ्याचा दोर घट्ट धरला.
पुळण परत पायाखाली आली.
सुवर्णदुर्ग जरा जास्तच डावीकडे होता.
राहू दे, म्हटलं.

नझीर उडतो. आंजर्ल्याच्या खाडीवरून,
चपला न काढता.
मी विंचकडे गेलो.
चालू होता. दोर येत होता.
मला पक्कं ठाऊक होतं मी झोपलोय,
घोरतही असेन,
तरी हात पुढे जाईना.
मी शिकलो ते हाताला कुणी शिकवलं नव्हतं.

मग फळीवर बसून तिला नीट बघितली.
नख स्वच्छ. मिठाची एक चीर नाही.
बाकीच्या नवांची वयं झालीत, माझ्याएवढी सदतीस,
ही अजून सव्वीसची.
हिला नवी बोट माहीत नाही,
फिटलेलं कर्ज माहीत नाही,
माझी पोरगी तर नाहीच नाही.
पोरीला हाक मारली. आली,
पाठमोरी बसली, रिबीन मागे टाकून.
नऊ बोटं भराभर पेड घालू लागली
आणि ही मध्येमध्ये येत राहिली
पाहुण्यासारखी,
मी कुठे बसू, मी कुठे बसू.

वेणी सुटली, तिथेच जाग आली.
छताचा पंखा. नऊ.

संध्याकाळी पुळणीवर लिलाव.
बैलगाड्या चाकभर पाण्यात, म्हाकुलाच्या टोपल्या.
मी दोन्ही हात वर केले.
माझे दोन्ही हात म्हणजे दहा हजार,
अकरा वर्षं सगळं हर्णै तसंच धरतं.
रत्नागिरीहून आलेली एक नवी व्यापारीण,
पदर खोचून पुढे आली, डोळे बारीक केले,
नऊ की दहा, तांडेल?

पुळण खदखदून हसली.
मी हात खाली घेतले
आणि उत्तर द्यायच्या आधी
मोजून बघितले.